एकवीस दिवसांची गाठ

माघ वद्य अमावस्या, फसली सन १३५३. कुस्ती अकरा रुपयांची, निजामाच्या हाली सिक्क्यात. आखाड्याच्या कडेला हजर: तू, मी, आपल्या तालमीतली सात पोरं आणि समोरच्या गावचा वस्ताद.

लिंबाजी, तुझ्यावर लिहायला बसलो तर पहिली ओळ ही आली. तू किती फड मारलेस, कुणाकुणाला शिकवलंस, ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते सुचत नाही. तुला जाऊन आज पंधरावा दिवस, आणि या पंधरा दिवसांत मी तुझ्याशी जेवढं मनातल्या मनात बोललो तेवढं तू असताना वर्षभरातही बोललो नसेन. सगळं बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरतं. माझ्या दत्ताचा उजवा हात.

त्या दिवशी जत्रेतला आखाडा तू आधी पायानं दाबून पाहिलास. मग वाकून मूठभर माती उचललीस, दाबलीस आणि सोडलीस. ढेकूळ झालं नाही, धूळ झाली. माझ्याजवळ येऊन हळू म्हणालास, "माधवा, माती खणली न्हाई हो. वरून नुसती भुरभुरली हाय. खाली दगडावानी टणक. लेकराला उतरू देऊ नको."

मी म्हणालो, "नाव दिलंय. जोड लागलीय. आता मागं घेतलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक मोडलेला हात बांधाया येतेत का?"

"तू आहेस की बांधायला."

हे मी हसत म्हणालो होतो. तू हसला नाहीस. माझ्या पोराचा मी बाप, तू नुसता वस्ताद, म्हणून तू पुढे बोलला नाहीस. या गोष्टीचा मला आज सर्वांत जास्त राग येतो. तू बोलायला हवं होतंस. माझा हात धरून मला बाजूला न्यायला हवं होतंस. पण तू मला चोवीस वर्षं ओळखत होतास, आणि एकदा आकडा ठरला की मी हलत नाही हेही तुला ठाऊक होतं.

आपल्या तालमीत नवं पोरगं आलं की पहिले तीन महिने तू त्याला एकही डाव शिकवत नव्हतास. फक्त पडायला लावायचास. डावीकडे पड, उजवीकडे पड, मागं पड. हनुवटी छातीला, खांदा आधी, हात पोटाशी. कुरुंद्याकडचे पैलवान बघायला आले की हसायचे. "लिंबाजी वस्ताद हरायचं शिकवून राहिलाय," म्हणायचे. तू म्हणायचास, "पाठ लागली तर कुस्ती जाती. हात टेकला तर हात जातो. कुस्ती पुढल्या जत्रेत मिळंल." रोज सकाळी हौद्यातली माती दोनदा खणायची, तिच्यात ताक, तेल, हळद घालायची, खडा दिसला तर ज्याला दिसला त्यानंच उचलून बाहेर टाकायचा, आणि ज्यानं उचलला नाही त्यानं पन्नास बैठका काढायच्या. मी एकदा मोजलं होतं. आपल्या तालमीत अकरा वर्षांत हात-पाय मोडलेली पोरं दोन. तेवढ्याच काळात शिरडच्या दोन तालमींतली मला ठाऊक असलेली नऊ. हा आकडा मी तुला सांगितला तेव्हा तू म्हणालास, "मोजू नको. मोजलं की नजर लागती."

दत्ताला हे सगळं येत होतं. तरी पडताना त्यानं हात टेकला. समोरच्यानं त्याला उचललं, आणि त्या क्षणी पोराला पाठ वाचवायची होती. का? कडेला बाप उभा होता म्हणून. हे त्यानं मला नंतर स्वतः सांगितलं. आवाज मला ऐकू आला. तुलाही आला. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा.

तुझ्या घरी आणेपर्यंत मनगटाच्या वर हाताला भलताच बाक आला होता. तू मला बाहेर ओट्यावर बसवलंस. "तुझं तोंड पाहून लेकरू भेऊन राहिलं," म्हणालास. आत तू, दत्ता आणि सरूवहिनी. मला एवढंच काम दिलंस की बांधायला कापड आण. तू स्पष्ट म्हणाला होतास, "जुनं धोतर आन. धुऊन धुऊन मऊ झालेलं."

मी घरी गेलो. जुनं धोतर खुंटीवर होतं. पण माझ्या मुलाच्या हाताला फाटकं धोतर बांधायचं मला बरं वाटलं नाही. या लढाईच्या दिवसांत कापड मिळत नाही, तरी ट्रंकेत साडेतीन वार मांजरपाट ठेवलेलं होतं. कोरं, एकदाही पाण्यात न घातलेलं. ते मी घेऊन आलो.

तू दारातून हात बाहेर काढून ते घेतलंस आणि बोटांनी चाचपलंस.

"जुनं आन म्हनलं व्हतं."

"हे स्वच्छ आहे."

"स्वच्छ हाय, पर कोरं हाय." आतून दत्ता कण्हला. तू मागं पाहिलंस. "बरं, राहू दे. याला पाणी लागू द्यायचं न्हाई, माधवा. ध्यानात ठिव."

मी ध्यानात ठेवतो म्हणालो. मी सगळं ध्यानात ठेवणारा माणूस, असा माझा लौकिक आहे.

उडदाच्या पिठाचा लेप, त्यावर कापूस, बांबूच्या सहा कामट्या, त्यावर माझं कोरं मांजरपाट. बाहेर आल्यावर तू मला हिशेब सांगितलास, कारण मला हिशेबाशिवाय समजत नाही. पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी सैल करून पुन्हा बांधायचं. एकविसाव्या दिवशी सोडायचं. "आन ज्या हातानं बांधलं त्याच हातानं सोडायचं. मधी कुनी गाठीला हात लावायचा न्हाई. तू तर बिलकुल न्हाई."

तो शेवटचा टोला माझ्यासाठी होता आणि का होता ते आपल्या दोघांनाच ठाऊक. चोवीस वर्षांपूर्वी माझं कोपर तूच बांधलं होतंस. तू तेव्हा नुकताच तुझ्या मामाच्या हाताखाली शिकून आलेला. एकवीस दिवस सांगितलेस. बाराव्या दिवशी माझं लग्न. नवरदेवानं कामट्या बांधलेला हात घेऊन बोहल्यावर उभं राहायचं हे आमच्या घरच्यांना अशुभ वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटली. मी सोडलं. तेव्हापासून माझा डावा हात पूर्ण सरळ होत नाही. चार बोटं कमी पडतो. मी म्हणत आलो, तू हाड वाकडं बसवलंस. तू म्हणत आलास, नऊ दिवस आधी सोडलंस. दर संक्रांतीला तिळगूळ देताना तू माझा वाकडा हात पुढे ओढायचास. "बायकू मिळाली, हात गेला. सौदा बराबर झाला न्हवं?" माझी बायको आतून उत्तर द्यायची, "मला तरी कुठं सरळ माणूस मिळाला?"

तुझा तो नियम, बांधणाऱ्यानंच सोडायचं, माझ्यानंतर आला. माझ्यामुळे आला. पंचक्रोशीत तो सगळ्यांना पाठ झाला. दुसरे हाड बसवणारेसुद्धा तुझी बांधणी सोडायला नकार देऊ लागले.

आणि चौदाव्या दिवशी सकाळी, तालमीतून घरी येऊन, पाणी मागून, पाणी यायच्या आत तू गेलास.

मला हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार तुझा आला नाही. उद्या पंधरावा दिवस, उद्या दत्ताचा हात कोण सैल करणार, हा आला. मग तुझा आला. त्यानंतर तो हललाच नाही. पण क्रम असा होता, आणि तुझ्याशी खोटं बोलून काय मिळवू?

तुला खांदा द्यायला दत्ता पुढे झाला. मी नको म्हणालो, तर तो म्हणाला, "आबा, डावा खांदा देतो. माझे वस्ताद हायेत." बांधलेला हात छातीशी धरून तो पार ओढ्यापर्यंत चालत आला. सगळं झाल्यावर आम्ही सगळे ओढ्यात उतरलो. दत्ता काठावर थबकला.

"आबा, हात भाईर ठिवू का?"

आणि मी, सगळं ध्यानात ठेवणारा, काय म्हणालो ऐक. "अर्ध्या अंगानं न्हालं तर न्हाणं होत नाही. सचैल करायचं. बुडी मार."

त्यानं बुडी मारली. हातासकट.

तुझं पाण्याचं बोलणं मला आठवलं नाही. तुझ्या सरणाजवळ माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे कारण मी स्वतःला दहा वेळा दिलं. ते पुरत नाही. रीत मोडली जाईल एवढं मात्र मला त्या घटकेलाही बरोबर आठवत होतं.

पंधराव्या दिवशी मी दत्ताला सकाळपासून उन्हात बसवलं. म्हटलं, वाळेल, मग काही नाही. वाळलं. कोरं मांजरपाट वाळताना आवळत गेलं आणि आतला उडदाचा लेप भिजून फुगून पुन्हा दगड झाला. दुपारी बोटं सुजली. मी शिवणाचा दोरा मधल्या बोटाभोवती गुंडाळून गाठ मारली आणि दोन घटकांनी पुन्हा गुंडाळला. गाठ जुळली नाही. दोऱ्याला जवभर जास्त लागलं. संध्याकाळी आणखी जवभर.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय. मघाशी जास्त दुखत व्हतं."

मला हायसं वाटलं. कमी दुखतंय म्हणजे बरं होतंय. माझं गणित असं चाललं होतं. सहा दिवस राहिले आहेत. एकदा नऊ दिवस आधी सोडून आयुष्यभराची अद्दल घडली आहे. आता ब्रह्मदेव आला तरी एकविसाव्या दिवसाआधी गाठीला हात लावायचा नाही. आणि लावायचा तर लावणार कोण? ज्या हातानं बांधलं तो हात आदल्या दिवशी माझ्यासमोर जळाला होता.

सोळाव्या दिवशी सकाळी दत्ता म्हणाला, "आबा, बोटं माझी वाटत न्हाईत. दुसऱ्याची लावल्यावानी वाटून राहिलीत." बोटांचा रंग पिकलेल्या जांभळाकडे झुकला होता. मी हिंगोलीच्या दवाखान्याचा विचार केला. बैलगाडी, मग रेल्वे, गाडी मिळाली तर संध्याकाळ. मी बैल जुंपायला सांगितले, मग थांबायला सांगितलं, मग पुन्हा जुंपायला सांगितलं. दत्ताची आई दारात उभी होती.

"सरूबाईकडं जा," ती म्हणाली.

"आज तिसरा दिवस आहे. आज राख सावडायची. त्या घरात आज हे घेऊन कसं जायचं? तिला सुतक आहे. ती कशाला हात लावेल?"

"तुमी सुतक धरून बसा. माझ्या लेकराचा हात जाऊन राहिलाय. मी नेते त्याला."

तिनं मला ओलांडून दत्ताला उठवलं. मग मी मागोमाग निघालो. चोवीस वर्षांत तिनं मला असं ओलांडलं नव्हतं.

तुझ्या घरी भावकी जमली होती. सरूवहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून होत्या. मी उंबऱ्याशी उभा राहिलो आणि भलतंच बोलू लागलो. मी विचारलं, "सावडायला किती जण येणार?" मग विचारलं, "शेणी पुरल्या का?" कशाचा कशाला मेळ नव्हता. दत्ताच्या आईनं त्याचा हात नुसता पुढे केला.

वहिनींनी हाताकडे पाहिलं. त्या उठल्या. तीन दिवस जेवल्या नव्हत्या, उठताना भिंत धरली. मग त्यांनी त्याच्या अंगठ्याचं नख दाबून धरलं आणि सोडलं. नख पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं.

"हे भिजवलं कुनी?"

"मी," मी म्हणालो.

"काहून?"

मी नुसता ओढ्याच्या दिशेला हात केला.

"भावजी, कवापासून बोटं अशी?"

"काल दुपारपासून. पण एकवीस दिवस व्हायला अजून पाच..."

"दिवस काय मोजता? नख मोजा. ते रोज सकाळी पोराचं नख दाबत न्हवते का तुमच्या ओट्यावर येऊन?"

दाबत होतास. रोज येऊन त्याची पाची नखं दाबायचास आणि "वा पैलवान" म्हणून निघून जायचास. मला वाटायचं, तू त्याची चेष्टा करून त्याला हसवतोस. मी शेजारी बसून दिवस मोजत होतो आणि जे मोजायचं ते तू माझ्यासमोर मोजत होतास. मला एकदाही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

वहिनींनी कातर मागितली. भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "अगं, सुतकात? आन लिंबाजीची बांधणी हाय ती. ज्याच्या हातानं बांधलं..."

"माझ्याच हातानं बांधलं," वहिनी म्हणाल्या.

कातर आली. त्यांनी मांजरपाट वरून एका रेषेत मनगटापासून कोपरापर्यंत चिरलं. कामट्या काढल्या नाहीत, हाड हलू दिलं नाही. फक्त मधली फट दोन बोटं रुंद केली. हात उशीवर छातीच्या वर ठेवायला लावला. मग पुन्हा नख दाबलं. सोडलं. मी श्वास धरून पाहत होतो. पांढरं. पांढरं. मग कडेनं थोडा रंग आला. दत्ता ओरडला. मेलेल्या बोटांत कळ परत आली होती. वहिनी म्हणाल्या, "वरड. वरडला तर बरं."

मग वहिनींकडून कळलं ते असं, लिंबाजी. तुझा उजवा अंगठा धरत नव्हता. शेवटच्या मोठ्या कुस्तीत तो मागं दुमडला तेव्हापासून. म्हणून तू कुस्ती सोडलीस. आम्हाला सांगितलंस, आता शिकवण्यात मन लागतं. आम्ही तुला त्यागी म्हणालो. हाड तू बसवायचास, त्याला जोर खांद्याचा आणि नजरेचा लागतो. पण गाठ आवळायला अंगठा लागतो. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं तुझी प्रत्येक गाठ सरूवहिनींनी बांधली. पैलवानाला बाईचा हात लागला तर ताकद जाते, असं आपल्या तालमीत मानतात, म्हणून तू पोरांना डोळे मिटायला सांगायचास आणि बापांना ओट्यावर बसवायचास.

घरी येताना मी दत्ताला विचारलं, "तुला हे ठाऊक होतं?"

"व्हय. काकूंच्या बांगड्या वाजायच्या की. सगळ्या पोरांना ठावं हाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच न्हाई. तुमी इचारलं, किती दिवस झाले."

लिंबाजी, मी दोन दिवस तुझ्या जळालेल्या हाताची वाट पाहत होतो आणि बांधणारा हात चार घरं पलीकडे भिंतीला टेकून बसला होता. हे तू मला एका वाक्यात सांगू शकला असतास. मी तुझी इज्जत कमी केली असती का? अंगठा गेलेला वस्ताद म्हणून तुझ्याकडे पोरं कमी आली असती, हे मानतो. पण माझ्यापाशी? हातपाय कसे राखावेत ते तू गावभर शिकवलंस आणि तुझी स्वतःची दुखापत चोवीस वर्षं झाकून ठेवलीस. रात्री दुखायचा तो, वहिनी म्हणाल्या. थंडीत जास्त. तू तालमीत कडेला उभा राहून हात काखेत धरायचास, त्याला आम्ही तुझी ऐट समजायचो.

दहाव्यानंतर वहिनी आणखी एक बोलल्या. "भावजी, तुमच्या हाताची गाठ त्यांनी सोता बांधली व्हती. मी तवा न्हवते. अंगठा तवाच दुमडलेला. ते म्हनायचे, माधवाची गाठ माझी सैल पडली, हाड बसलेलं हाललं असंल. पर कबूल करायची हिंमत न्हाई झाली."

तर आपल्या भांडणाचं असं आहे. मी चोवीस वर्षं म्हणत होतो की चूक तुझी. आता ती कबुली माझ्या हातात आली आणि मला ती नको आहे. नऊ दिवस आधी मी सोडलं. ते नऊच राहतात. तुझी गाठ सैल असेलही. आपण निम्मी निम्मी वाटून घेतली असती आणि संक्रांतीला हसलो असतो. तू असतास तर मी मुद्दाम मान्य केलं नसतं, हेही सांगतो.

एकविसाव्या दिवशी, वद्य पंचमीला, वहिनींनी कामट्या काढल्या. हाड सरळ जुळलं आहे. ते तुझं काम, त्यात मला शंका नाही. मी दोन्ही हात शेजारी ठेवून दोऱ्यानं मोजले. लांबीत फरक नाही. पण मूठ मिटत नाही. अंगठा आणि दोन बोटं येतात, शेवटची दोन अर्ध्यावर थांबतात, आणि करंगळीला सुई टोचली तर त्याला उशिरा कळतं. किती उशिरा, ते मी मोजायचं सोडून दिलं आहे. दत्ताच्या आईनं सुई लपवून ठेवली.

उपचार आता सरूवहिनींचा. सकाळ-संध्याकाळ हळद घातलेलं कोमट तेल, बोटांपासून वर चोळायचं, खाली कधी नाही. आणि ज्वारीचं पीठ मळायचं. दत्ता चुलीपुढे बसून आमच्या पाच माणसांच्या भाकरीचं पीठ उजव्या हातानं मळतो. पहिल्या दिवशी तालमीतली पोरं बघायला आली. एक म्हणाला, "पैलवान, कवा नांदायला चालले?" दत्तानं पिठाचा गोळा त्याच्या छातीवर फेकला. गोळा पोचला नाही, मध्येच पडला. पोरं हसली. मी आत गेलो. मला ते हसणं सोसेना. परवा फेकला तो पोचला.

आखाड्यात कधी? वहिनी म्हणतात, दिवाळीआधी लंगोट दिसला तर मी आखाड्यात येऊन कान धरीन. दत्ता विचारतो, "पकड येईल न्हवं?" वहिनी फक्त त्याचं नख दाबतात. मी दिवसातून चार-पाच वेळा तेच करतो. तो झोपेत असला तरी. तो जागा होतो आणि म्हणतो, "आबा, लाल हाय. निजा आता."

हौद्याचं सांगतो. तू गेल्यावर चार दिवस कुणी माती खणली नाही. पाचव्या दिवशी मी गेलो आणि खणली. माझा डावा हात पुरा पोचत नाही, तरी खणली. पुढल्या जत्रेत जिथं जिथं आपलं पोरगं उतरेल तिथली माती मी आधी मुठीत दाबून बघणार. धूळ झाली तर नाव मागं. लोक काय म्हणतील ते म्हणोत. तू हे माझ्या तोंडून ऐकायला हवं होतंस. अमावस्येच्या दिवशी, दुपारी, अकरा रुपयांच्या आधी.

तुझी एक गोष्ट मात्र मला पाळता आली नाही. हाड बसवण्याचे पैसे तू कधी घेतले नाहीस. पैसे घेतले की हाताचं यश जातं, म्हणायचास. नारळ आणि सव्वा शेर ज्वारी, एवढंच. आज मी तेच घेऊन गेलो. दत्ता बरोबर होता. वहिनींनी नारळ तुझ्या जागी ठेवला, ज्वारी तालमीच्या कबुतरांना टाकायला सांगितली आणि म्हणाल्या, "हे त्यांचं झालं. माझं येगळं. मला दोन रुपये द्या, भावजी. आता घरात कमावनारं माझंच हात हायेत, आन या हातांचं यश मी पैशानं जाऊ देनार न्हाई." तुझी भावकी ऐकत होती.

मी खिशात हात घातला. वहिनी म्हणाल्या, "तुमी न्हाई. त्यानं द्यायचे. उजव्या हातानं."

फाल्गुन वद्य द्वादशी. दोन रुपये हाली, सरूबाई लिंबाजी यांना, दत्ताच्या उजव्या हातून. पहिला रुपया त्याच्या बोटांतून निसटला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडला. आम्ही कुणी वाकलो नाही. त्यानं तिसऱ्या खेपेला तो उचलला आणि दिला. दुसरा पडला नाही.